भिंतबाई

पहिल्या भेटीत बाईंनी मला नाव विचारलं नाही. विचारलं ते असं : "तुम्ही कधी मरणार?"

रविवारची सकाळ, स्वारगेटजवळची महापालिकेची बाग आणि माझ्या हातात दादाचा हात. दादा माझा सख्खा भाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. वय पंचावन्न. समज सात-आठ वर्षांच्या मुलाएवढीच राहील असं डॉक्टरांनी त्याच्या लहानपणी सांगितलं होतं, आणि घरच्यांनी ते ब्रह्मवाक्य मानून त्याला जन्मभर सात वर्षांचा ठेवला होता. आई गेली तेव्हा 'त्याला एक क्षण एकटं सोडू नकोस' असं माझ्याकडून वदवून घेऊन गेली.

मी म्हटलं, "मरणार म्हणजे?"

"अंदाजे सांगा. तेवढ्या मुदतीत यांना शिकवायचंय. तुमच्या पोटावरून फार मुदत दिसत नाही."

सकाळची बीपीची गोळी घ्यायची राहिली होती, ती मला तिथे आठवली.

बाई एका मुलींच्या शाळेतून व्यायामशिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या. सत्तरी ओलांडलेली, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या दोऱ्याला शिट्टी. दर रविवारी सात वाजता त्या दादासारख्या दहा-बारा जणांना जमवत. बागेला फेऱ्या मारायच्या, वाळू भरलेल्या बाटल्या उचलायच्या, चेंडू झेलायचा, महिन्यातून एकदा पर्वती चढायची आणि शेवटी टपरीवर जाऊन आपला चहा आपण मागायचा. आम्हा नातेवाइकांसाठी एक बाक होता. तो बाईंनी माळ्याकडून उलटा करून घेतला होता. मैदानाकडे पाठ आणि कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड. समोर दोन हातांवर 'येथे थुंकू नये'. दीड वर्ष मी दर रविवारी दोन तास ते वाक्य वाचलं आहे.

"तुम्ही बघता म्हणून ते पडतात," बाई सांगत, "आणि तुम्ही बघता म्हणून ते उठत नाहीत. तोंड फिरवा."

म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे 'भिंतबाई' म्हणायचो. पाठीमागे म्हणजे शब्दशः, कारण त्या कायम आमच्या पाठीमागेच असत.

पहिल्याच दिवशी दादा पडला. चेंडूमागे दोन पावलं पळाला आणि बसकण मारली. मी धावलो, तशी कानाशी शिट्टी वाजली. "तुम्ही गोऱ्यांचे भाऊ ना? बाकावर जा." मी म्हटलं, अहो, त्याला उठता येत नाही. घरी आम्ही दोघं मिळून उठवतो. "कळलं ते," बाई म्हणाल्या, "म्हणूनच येत नाही." मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मागून दादाच्या हाका येत होत्या, "बाळ्या, ए बाळ्या." बावन्नाव्या वर्षी बागेत सगळ्यांसमोर बाळ्या होण्याची लाज जास्त वाटत होती, की त्याच्याकडे न जाण्याची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मग हाका थांबल्या, आणि बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "उठलात. अकरा मिनिटं. नापास. पुढच्या रविवारी परत."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वहीत प्रत्येकाच्या नावापुढे दर वेळी काहीतरी लिहिलं जाई, आणि बहुतेक वेळा ते 'नापास' असे. पण प्रत्येक नापासापुढे 'परत' असे, हे माझ्या लक्षात यायला फार दिवस लागले.

दादाला जन्मात कोणी 'अहो' म्हटलं नव्हतं. बाई त्याला 'अहो गोरे' म्हणत. आम्ही सगळे आपापल्या माणसांना 'आमची मुलं' म्हणायचो, तर एकदा त्या बाकाशी येऊन म्हणाल्या, "मुलं कुठायत? मला तर टक्कल पडलेली माणसं दिसतायत." एका बापाने हळूच 'विशेष मुलं' अशी दुरुस्ती केली. बाई म्हणाल्या, "विशेष काही नाही त्यांच्यात. आळशी आहेत, तुमच्यासारखेच."

महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन होई, आणि आकडा मोठ्याने सांगितला जाई. "गोरे, चौऱ्याऐंशी. दोन किलो वाढलात. घरचे फार प्रेम करतात वाटतं." आमच्या घरी दादा रुसला की पेढा, हसला की पेढा अशी रीत होती. त्या दिवशी घरी जाऊन दादाने डबा स्वतः उचलून माझ्या बायकोच्या हातात दिला आणि म्हणाला, "सुमा, हे वर ठेव. प्रेम नको." सुमा दोन दिवस बाईंवर चिडून होती.

बुटांचंही तसंच. दादाला मी चिकटपट्टीचे बूट आणले होते, एका मिनिटात घालून होतात म्हणून. बाईंनी ते काढून माझ्या मांडीवर आणून ठेवले. "हे तुम्ही वापरा. तुम्हाला घाई असते." मग लेसचे बूट आले. गाठ बसायला चार महिने लागले. किती मिनिटं लागली ते दादाने मनगटावरच्या आकड्यांच्या घड्याळात बघून स्वतःच जाहीर करायचं, हाही नियम. पहिल्यांदा गाठ बसली त्या दिवशी तो ते बूट घालूनच झोपला.

बाईंच्या या कडवटपणाच्या पोटात कुठेतरी मऊ काहीतरी असेल, अशी माझी समजूत होती. वाटायचं, यांच्या घरी असाच कोणी असणार. धीर करून विचारलंही. बाई म्हणाल्या, "नाही. रविवारी मला काही काम नसतं." विषय संपला. आणि एक गोष्ट मी त्यांना कधीच माफ केली नाही. एक थकलेल्या आजी आपल्या चाळिशीच्या लेकीला घेऊन यायच्या. लेक मागे रडायची आणि आजी भिंतीकडे बघून रडायच्या. एके दिवशी आजी उठल्या, लेकीचा हात धरला आणि निघून गेल्या, त्या पुन्हा आल्याच नाहीत. बाई म्हणाल्या, "बरं झालं. बाकावर जागा झाली." आणि मी त्या जागेवर सरकून बसलो.

मग आली बस. आम्ही पेठेतली जागा सोडून खराडीला राहायला गेलो होतो, म्हणजे बागेत यायला तासाभराचा प्रवास. बाईंनी ठरवलं, गोरे एकटे येतील. पहिले दोन महिने त्या स्वतः खराडीला येऊन दादाच्या शेजारी बसून बसने आल्या. मग दोन सीट सोडून मागे. मग पुढे, त्याच्याकडे पाठ करून. नंतर एका शनिवारी मला फोन आला : "उद्या गोरे एकटे. तुम्ही घरी भिंतीकडे बघत बसा."

मी हो म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी दादाला बसमध्ये चढवून स्कूटरवरून बसच्या मागे निघालो. वेषांतर म्हणून हेल्मेट घातलं. पुण्यात हेल्मेट घातलेला माणूस जास्तच उठून दिसतो, हे मला सुचलं नाही. अंगात जर्किन होतं, ते दादानेच निवडून दिलेलं. पुणे स्टेशनच्या गर्दीत बस थांबली आणि मी नेमका त्याच्या खिडकीखाली आलो. दादाने मला पाहिलं. तो शांतपणे उठला आणि खाली उतरला. लहानपणी शाळेच्या बसमधून येताना आईने त्याला एकच शिकवलं होतं, बाळ्या दिसला की उतरायचं. त्याने शिकवलेलं केलं.

आम्ही दोघं स्कूटरवरून बागेत पोचलो. बाईंनी दादाला विचारलं, "काय झालं, गोरे?"

"बाळ्या दिसला. उतरलो."

बाईंनी वही उघडली. "तुम्ही पास. स्वारगेट यायला अजून वेळ होता आणि तुम्ही रडला नाहीत." मग माझ्याकडे वळल्या. "हे नापास."

मी वातावरण हलकं करायला म्हटलं, "पुढच्या रविवारी परत?"

"ते परत. तुम्ही नाही. ते एकटे येतील, नाहीतर येणार नाहीत. तुमच्या आईला तुम्ही वचन दिलंत, मी दिलेलं नाही."

आता मी जे केलं ते सांगतो. मी दादाला पाठवलंच नाही. सुमाला म्हटलं, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "त्यांच्या की तुझ्या?" खरं म्हणजे चारचौघांत झालेला अपमान मला गिळता येत नव्हता. दादा दर रविवारी साडेपाचला बूट घालून दाराशी स्टुलावर बसायचा. मी म्हणायचो, "आज नाही. बाईंना बरं नाही." तो लेस सोडायचा. सोडायला त्याला मिनिटही लागत नसे. पावसाळा गेला, दिवाळी गेली. दर रविवारी तो विचारायचा, "बाई बऱ्या झाल्या?" आणि मी चहा पीत म्हणायचो, "नाही रे." वजन पुन्हा वाढलं. घरी काटा नव्हता, पण दादाने पॅन्टच्या हुकावरून ओळखलं.

एका रविवारी मी आंघोळीत असताना तो गेला. मी ओल्या अंगाने जिन्यापर्यंत धावलो, स्टॉपवर गेलो, परत आलो. सुमाने किल्ली लपवली म्हणून स्कूटर निघाली नाही. दीड तासाने फोन वाजला.

"पोचलो," दादा म्हणाला. "बाई नाहीत."

मग बाकावरच्या ज्या गृहस्थांचा फोन होता, त्यांनी तो घेतला. महिन्यापूर्वी बाईंना अर्धांगाचा झटका आला होता. एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं होतं. ही सगळी माणसं तरीही रविवारी येत होती आणि आपली आपण फेऱ्या मारत होती. दादा पुन्हा फोनवर आला. "बाळ्या, तू सांगितलं होतंस. बाईंना बरं नाही. आधी कोणाला माहीतच नव्हतं. तुलाच माहीत होतं." त्याच्या आवाजात माझ्याबद्दल अभिमान होता.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बाईंना भेटायला गेलो. खुर्चीत बसल्या होत्या, उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, समोर वॉकर. शिट्टी नव्हती. दादाला बघून त्यांनी डाव्या हाताने वॉकर धरला आणि उठायला गेल्या. अर्ध्यावर हात सुटला. आपटल्या नाहीत, खुर्चीच्या कडेने घसरत जमिनीवर बसल्या. मी धावलो.

"बाळ्या," दादा म्हणाला. "भिंत."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला वाचता आलं नाही. मदत मागत असतील तर देव मला क्षमा करो. दादाने माझे खांदे धरून मला फिरवलं आणि स्वतःही फिरला. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. मागून श्वास, वॉकरचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज, पुन्हा श्वास. दादा मनगटावर बघत होता.

"नऊ झाली, बाई."

मागून जड जिभेने, एकेक शब्द जुळवत उत्तर आलं, "तुम्हाला... अकरा... लागली होती. अजून... दोन आहेत."

अकराव्या मिनिटालाही त्या जमिनीवरच होत्या. तेवढ्यात केंद्रातल्या कामवाल्या मावशी आल्या, आम्हाला नाही नाही ते बोलल्या, "माणसं आहात का कोण," असं विचारून त्यांनी बाईंना काखेत हात घालून उचललं. बाई डाव्या हाताने मावशींना ढकलत होत्या. खुर्चीत बसवल्यावर दादा त्यांच्यासमोर ताठ उभा राहिला.

"नापास," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी परत."

बाईंचं अर्धं तोंड हसलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

गुरुवारी फोन आला. रात्रीतून दुसरा झटका. सकाळी सगळं उरकलंही होतं. मी दादाला काही सांगितलं नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला. माझ्याकडे एकच खोटं होतं, आणि ते खरं होऊन संपलं होतं.

रविवारी साडेपाचला तो बूट घेऊन स्टुलावर बसला. "आज बाई उठतील," म्हणाला.

"दादा, बाई गेल्या."

"कुठे?"

देवाघरी, असं तोंडावर आलं होतं. आई गेली तेव्हा त्याला तसंच सांगितलं होतं, आणि त्यानंतर वर्षभर तो दाराकडे बघत होता.

"मेल्या," मी म्हटलं. "गुरुवारी. आता परत नाही."

तो म्हणाला, "उठल्या नाहीत?"

"नाही."

त्याने एक बूट उचलला. लेस भोकातून निसटत होती. मी नकळत पुढे वाकलो.

"तोंड फिरव," दादा म्हणाला.

मी फिरलो. समोर भिंतीवर वाण्याने दिलेलं कॅलेंडर होतं. मागे नाक ओढल्याचा आवाज आला, मग एक हुंदका, मग पुन्हा लेस ओढल्याचा. मी एकादशा वाचल्या, चतुर्थ्या वाचल्या.

"चौदा मिनिटं," तो शेवटी म्हणाला. "बागेत जातो. बाकीचे येतील, त्यांना सांगायला पाहिजे."

कडी वाजली. जिन्यावर बुटांचा आवाज खाली खाली जात राहिला. खिडकी माझ्या पाठीमागे होती. तिच्यातून बसचा स्टॉप स्वच्छ दिसतो. मी पुढच्या महिन्याच्या चतुर्थ्या वाचायला घेतल्या.