जांभळ्या शाईची सही

"आधी रंग सुटतो का बघू," असं म्हणून ते खिशातून पांढऱ्या कापडाचा तुकडा काढायचे, जिभेला लावून ओला करायचे आणि समोर येईल त्या वस्तूवर घासायचे. माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी आहेराची साडी अशीच घासून पाहिली होती, तीही वरमाईच्या देखत. माणूस लाखातला, पण चारचौघांत न्यायची सोय नव्हती.

सुरतेजवळ उधन्याला ते आमच्या समोरच्या खोलीत राहायचे. मूळचे खानदेशातले. एका डाइंग मिलमध्ये कापडाचा रंग पक्का आहे की नाही ते तपासायचं त्यांचं काम. मी तिथल्या मराठी शाळेत भूगोल शिकवायचे. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल. एके दिवशी ते दारात येऊन म्हणाले, "बाई, दक्षिण ध्रुवावर धुतलेलं कापड वाळतं का हो?"

वीस वर्षं मी मुलांना दक्षिण ध्रुव शिकवत होते. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. उत्तर येत नाही हे काही मी कबूल केलं नाही. चहा टाकते म्हणून आत गेले.

चहा पिता पिता सगळं बाहेर आलं. एका पारशी कुटुंबाने घर रिकामं करताना पस्तीवाल्याला, म्हणजे आपल्या रद्दीवाल्याला, जुने कागद दिले होते. त्यांत यांना एक फोटो सापडला. बर्फात अडकलेलं शिडाचं जहाज, आणि खालच्या पुठ्ठ्यावर जांभळ्या शाईत सही. फार वर्षांपूर्वीच्या एका ध्रुवमोहिमेच्या प्रमुखाची सही होती ती. त्या दिवसापासून गृहस्थ ध्रुवावरच राहायला गेले म्हणा ना!

परदेशी पत्रं लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. माझं इंग्रजी बेताचं, त्यांचं त्याहून बेताचं. तरी उत्तरं यायची. मोहिमेतल्या सुताराच्या म्हाताऱ्या मुलीने वडिलांच्या सहीची खिळ्यांची यादी पाठवली. आचाऱ्याच्या नातवाने आजोबांनी सही केलेली जेवणातल्या पदार्थांची यादी पाठवली. "साहेबाची सही कोणीबी ठेवतं, बाई. आचाऱ्याची कोण ठेवणार?" असं ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे. जेवायला मात्र रोज भिंतीवरच्या साहेबाच्या सहीसमोरच बसायचे.

मग परदेशातल्या एका संग्रहालयाचं पत्र आलं. आम्ही सहीबद्दल विचारलं होतं. त्यांनी लिहिलं, अशा सह्या त्या काळी छापूनही विकत असत, मूळ वस्तू पाठवल्याशिवाय सांगता येणार नाही. टपालात गहाळ झाली तर? आमच्या गृहस्थांनी पाठवली नाही. पण माणूस उतरला. जेवायला भिंतीकडे पाठ करून बसू लागला.

"त्यानं हा पुठ्ठा हातात धरला होता का नव्हता, एवढंच मला कळायला पाहिजे," ते म्हणाले. "छापील असली तर माझ्याकडे काय आहे, बाई? कॅलेंडर!"

एका रविवारी वहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, हाक आली. "बाई, या लवकर! यास्नी काय करी टाकं, देखा!"

तुम्ही ओळखलंच असेल. छापील शाई पाण्याने सुटत नाही, दौतीतली सुटते. सहीच्या शेवटच्या टोकाला ओलं कापड नुसतं टेकवलं असतं तरी भागलं असतं. पण मिलमध्ये तपासायचं म्हणजे दहा वेळा घासायचं, असा नेम. पहिल्याच वेळी कापडावर जांभळा रंग उतरला, आणि हात चालतच राहिला. दहा झाल्यावर थांबला. तोवर सहीतलं आडनाव पार पुसलं गेलं होतं.

मला संतापच आला. "अहो, पहिल्यालाच कळलं होतं ना!"

ते जमिनीवर बसले होते. त्यांनी तो तुकडा माझ्यापुढे धरला. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा उजळलेला.

"खरी शे, बाई," ते म्हणाले. "खरी शे ना!"

माझ्याशी ते कधी अहिराणीत बोलत नसत. त्या दिवशी बोलले. मीही मग खाली बसले आणि आम्ही तिघं कितीतरी वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिलो. फोटो पुन्हा भिंतीवर गेला आणि ते परत साहेबाकडे तोंड करून जेवायला बसू लागले.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात ते गेले, छातीत कळ येऊन. त्यांच्या मुलाने किंमत काढायला फोटो एका जाणकाराला दाखवला. सही खराब झाली आहे, असं सांगून त्याने तो परत दिला. फोटो घरातच राहिला म्हणून वहिनींना ते बरंच वाटलं.

वहिनींनी मला त्यांची मिलमधली एक वही दिली. तपासलेल्या कापडाचा तुकडा वहीत चिकटवून खाली निकाल लिहायची मिलमध्ये पद्धत असते. शेवटच्या पानावर तो जांभळा तुकडा होता. रंग सुटला की माल नापास, म्हणून सवयीने त्यांनी खाली 'नापास' लिहिलं होतं. मग ते एका रेघेने खोडून शेजारी 'पास' लिहिलं होतं आणि त्याखाली पूर्ण नावाने सही केली होती.

ते पान मी काचेखाली ठेवलं आहे. ओला हात कोणाला लावू देत नाही.