लॉयलचा झाला लॉयर

एका रविवारी दुपारी मी तासभर वकील होतो. परीक्षा नाही, काळा कोट नाही. मेहुण्याचा एक फोन पुरला.

आमच्या लेकीला, ऋतुजाला, स्थळ आलं होतं. मुलगा आयटीतला, मारुंजीत राहणारा. घरची माणसं लातूरकडची. सांगवीच्या माझ्या मेहुण्याने मुलाच्या वडिलांना फोनवर सांगितलं, "आमचे दाजी एकदम लॉयल माणूस!" (आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं कौतुक केलं, आणि तेही पलीकडे 'लॉयर' असं पोचलं!)

पाहुणे चिंचवडला घरी आले. पोहे झाले. ऋतुजा बाहेर यायच्या आत मुलाच्या वडिलांनी पिशवीतून सातबाऱ्यांचा गठ्ठा काढला.

"वकीलसाहेब, भावानं बांध कोरलाय बगा. केस बसती का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायको, मंगल, कानात पुटपुटली, "लग्न ठरेपर्यंत व्हा की वकील!"

झालो! कागद लांब धरला, जवळ धरला, उजेडात धरला. कंपनीत मी क्वालिटीला, त्यामुळे समोर काहीही आलं की खोट काढायची सवय.

"इथे डाग दिसतोय. संशयास्पद आहे."

"ते तुमच्या पोह्याचं तेल हाय," ते म्हणाले. "दावा कधी ठोकायचा, सांगा. भावाला आत्ताच फोन लावतो!"

त्यांनी खरंच मोबाइल काढला. माझ्यामुळे दोन सख्खे भाऊ कोर्टात? मी ताडकन उठलो.

"थांबा! मी वकील नाही. चाकणला कंपनीत पार्ट तपासतो. मेहुणा लॉयर नाही, लॉयल म्हणाला होता. लग्न मोडलं तर मोडू द्या, खोटं बोलून जमवणार नाही!"

मंगलने कपाळावर हात मारला. आतून ऋतुजाने टाळी वाजवली!

"लॉयल म्हंजी?" त्यांनी विचारलं.

"एकनिष्ठ! बावीस वर्षं एकच कंपनी. सोडून गेलो नाही!" मी छाती काढून म्हणालो.

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "दुसरीकडं कुणी घेतलं न्हाई का?"

आली का पंचाईत! खोटं बोलणार नाही, हे नुकतंच गर्जून झालेलं.

"चार ठिकाणी इंटरव्ह्यू दिले," मी त्याच आवाजात म्हणालो. "चारही ठिकाणी नापास!"

ते पोट धरून हसले. गठ्ठा पिशवीत गेला. "बोलवा पोरीला. सरळ माणसं हायती."

लग्न झालं. आता व्याही चारचौघांत माझी ओळख करून देतात, "हे आमचे व्याही. लई लॉयल. कुटंच लागले न्हाईत!"