खुंटीवरची लुगडी

तुमच्या गादीतला कापूस कुणाच्या हातांनी निवडला, हे तुम्ही कधी विचारलंय का?

परवा परभणीच्या मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, सरकीचा तेलकट वास आला आणि मी पुन्हा कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगच्या आवारात उभी राहिले, अकरा वर्षांची. तिथे आई आणि मी कापसातला किडका, पिवळा भाग वेचून काढायचो. नाकातोंडात तंतू जायचे, खोकून खोकून छाती दुखायची.

एके दिवशी मुकादम धावत आला. "तपासणीचा साहेब आलाय! पोरींनो, लुगडी नेसा. वय इचारलं तर अठरा म्हना. चुकलात तर मायचंबी काम गेलं समजा." त्यासाठीच खुंटीवर लुगडी टांगलेली असायची. आईनं एक माझ्या फ्रॉकवर गुंडाळलं.

साहेब माझ्यासमोर थांबला. "वय?"

"अठरा."

"लेकरं किती?"

हे कुणी शिकवलंच नव्हतं.  मी घरातली सगळी मोजली आणि म्हणाले, "आमी चौघं हाव, साहेब. मी थोरली."

मुकादम हसला. मग साहेबही हसला आणि फाईल मिटून त्याच्यासोबत चहाला गेला. आईचं काम वाचलं म्हणून मीही हसले. पुढची तीन वर्षं मी तिथंच कापूस निवडत होते. साहेबाला सगळं कळलं होतं, हे आज समजतं आणि अंगाचा तिळपापड होतो.

हंगामात जिनिंगवरून जाताना आत डोकवा. मूल कामाला दिसलं, तर कामगार कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.