फळीवर उगवलेलं गाव

मुलगी शाळेतून आली, दप्तर ओट्यावर टाकलं आणि म्हणाली, "आई, आपलं घर गावात न्हाई."

मी मिरच्यांची देठं काढत बसले होते. सासूबाई भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनीच विचारलं, "कोण म्हणलं?"

"फळी म्हणती."

मग हळूहळू सगळं कळलं. मुलगी यंदा चौथीत आहे. परिसर अभ्यासाच्या सरांनी वर्गाला एक काम दिलं होतं. आपलं गाव एका फळीवर मातीचं करायचं. घरं, देऊळ, शाळा, विहिरी, रस्ते, जे जिथं आहे ते तिथंच आलं पाहिजे. नवरात्रात केंद्राच्या शाळेत प्रदर्शन होतं, तिथं न्यायचं. मुलं आठवडाभर गुरं बांधायचं दावं घेऊन गाव मोजत फिरत होती. दोघं दोन टोकं धरायची, एकजण ओरडून आकडा सांगायचा आणि बाकीची त्याला खोटं ठरवायची. आमच्या ओढ्यावरही येऊन गेली होती. सासूबाईंना त्यांनी विचारलं होतं, "आजी, पूर्वी इथं काय होतं?" सासूबाई म्हणाल्या होत्या, "पूर्वी इथं बोरी होत्या आन् तुमच्यासारखी माकडं होती."

एवढं सगळं मोजून झाल्यावर फळीवर खडूनं गाव काढलं, तर ते ओढ्यापाशी संपलं. फळी तिथंच संपत होती. आमची वस्ती ओढ्यापलीकडं. पाचसहा घरं, एक गोठा, एक चिंच. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरची न्यायची तर गाडी आमच्याच दारावरून जाते, पण गाव म्हणून फोटो काढायचा तर आम्ही त्यात येत नाही.

"सर म्हणले, कडेला बाण काढू आन् लिहू, ओढ्यापलीकडील वस्ती." मुलीचा खालचा ओठ पुढं आला होता. "बाणात माणसं राहत्यात का, आई?"

सासूबाई हसल्या. मला हसू आलं नाही. सगळं गाव मोजायला हीच पुढं होती, दाव्याचं टोक हिच्याच हातात होतं. त्या दिवशी ती नीट जेवली नाही. भाकरीचा तुकडा वाटीत बुडवायची आणि तसाच ठेवायची.

दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एक बातमी आणली. मुलांनी फळीवर थापलेली माती वाळून तडकली होती. सरांनी विचारलं, कोणाच्या घरी चांगलं लिंपण करतात? हिनं हात वर केला. "मी म्हणले, मही आई करती. सरांनी तुला बोलावलंय."

लिंपण मला येतं, त्याचं काही नाही. आमच्या जुन्या खोलीची भिंत दरवर्षी मीच लिंपते. पण शाळेत जायचं म्हणजे बोलायचं. मी त्याच शाळेत चौथीपर्यंत शिकले, तेव्हाही हजेरीला 'हजर' म्हणताना माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही. मुलीला डबा द्यायला गेले तरी मी फाटकातूनच परत फिरते.

"माती देते करून," मी म्हणाले. "तू घेऊन जा."

"घमेलं मला उचलतं का?"

तेही खरंच होतं.

संध्याकाळी पांढरी माती चाळली, शेण घातलं. भुसा आणायला गोठ्यात गेले. वरचा चांगला भुसा गायीचा, त्याला हात लावायचा नाही असं मुलीच्या वडिलांनी बजावून ठेवलेलं. म्हणून तळाचा, झाडून काढलेला गव्हाचा भुसा घेतला. सगळं कालवलं, पायानं तुडवलं आणि रात्रभर ओलं झाकून ठेवलं. लिंपणाची माती अशी मुरू दिली म्हणजे तडकत नाही.

सकाळी घमेलं डोक्यावर घेऊन शाळेत गेले. सर तरुण आहेत, शर्टाच्या बाह्या दुमडून मुलांबरोबर खालीच बसले होते. "या ताई, तुमचीच वाट बघून राह्यलो," ते म्हणाले. मी मान हलवली आणि थेट फळीपाशी बसले. फळी म्हणजे मोडक्या बाकाचा वरचा भाग होता. मुलांनी जमवलेलं सामान बाजूला मांडलं होतं. काडेपेट्यांची घरं, साबणाच्या खोक्याचा बसथांबा, बाटलीच्या झाकणाची पाण्याची टाकी आणि खराट्याच्या काड्यांचा मोबाइलचा टॉवर. टॉवर सारखा पडायचा आणि एक मुलगी म्हणायची, "रेंज गेली."

मी माती थापू लागले. चढ आहे तिथं जाड, उतारावर पातळ. हाताखालून देवळाची गल्ली गेली, बाजाराचा ओटा गेला, आणि मग निळ्या खडूनं काढलेला ओढ्याचा अलीकडचा काठ आला. पुढं फळीची कड. कडेला खडूनं बाण काढून ठेवला होता. मुलगी माझ्या खांद्याशी उभी होती. तिचा श्वास मला मानेवर लागत होता. मी काहीतरी बोलेन, अशी ती वाट बघत होती. सर, फळी थोडी वाढवता येईल का, एवढंच विचारायचं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. पण मी हात धुतले, पदर सावरला, "वलं गोणपाट टाकून ठेवा," एवढं जमिनीकडं बघत म्हणाले आणि निघून आले.

घरी सासूबाईंनी विचारलं, "सांगितलं का सरांना?"

"न्हाई जमलं, आत्या."

"मिठाची गुळणी धरली होती का तोंडात? आम्हाला बोलायची बारी आली की लई बोलती."

हे त्या मला बोलल्या, पण मी त्यांना आजवर एकदाही उलटून बोलले नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

दुपारभर मी मिरचीच्या वाफ्यात होते आणि डोक्यात ती फळीची कड होती. मला बोलता येत नाही, पण उचलून नेता तर येतं. संध्याकाळी माळ्यावरून लाकडी पाट काढला. जेवायला बसायचा जुना, रुंद, सागवानी पाट. उरलेली माती त्यावर थापली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो काखेत धरून शाळेत गेले. वर्गात कोणी काही विचारायच्या आत फळीच्या कडेला ठेवून दिला.

सर बघत राहिले. "ताई, हे काय?"

मी मुलीकडं बघितलं. तिला एका क्षणात समजलं. ती ओरडलीच, "सर, ही मही वस्ती!"

सर उकिडवे बसले. मुलांना म्हणाले, "आणा रे दावं. मोजलंय ना? मग आकड्यानं सांगा, पाट कुठं येतो." मुलांनी आकडे बघितले, फळीवर बोटं मोजली, भांडली, पाट सरकवला, परत भांडली. शेवटी पाट आणि फळी यांच्यामध्ये वितीपेक्षा कमी फट राहिली. ती कशानं भरायची यावर परत वाद झाला. आणि मग मुलगीच म्हणाली, "भरायची कशाला? वढाच हाय ना तो." सरांनी टाळी वाजवली. फटीत वाळू आणि ओलांडायचे दगड ठेवले. बाण फळा पुसायच्या फडक्यानं पुसून टाकला. पाटावर आमच्या घराची काडेपेटी मुलीनं स्वतः लावली, दार पूर्वेकडं करून.

मी घरी आले ती पाय जमिनीवर नसल्यासारखी. आणि घटस्थापनेच्या सकाळी सासूबाईंची हाक आली.

"अगं, घटाचा पाट कुठं गेला?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वर्षभर माळ्यावर पडलेला तो पाट नवरात्रात घटाखाली असतो. सासूबाई या घरात आल्या तेव्हापासून घट त्यावरच बसतो.

"शाळेत हाय, आत्या."

"शाळेत? शाळेत काय घट बसवायचा का आता?"

सासूबाईंनी पुटपुटत जमीन सारवली, पत्रावळीवर शेतातली माती पसरली, गहू पेरले, वर घट ठेवला. पाच दिवस त्या माझ्याशी भाकरी-पाण्यापुरत्याच बोलल्या.

मध्ये शाळेला दोन दिवस सुट्टी आली. माती वाळू नये म्हणून मुलांनी गावावर ओलं गोणपाट टाकलेलंच होतं, आणि शाळेशेजारच्या मुली खिडकीतून रोज पाणीही शिंपडत होत्या. शाळा उघडली त्या दिवशी मुलगी मधल्या सुट्टीत ओढा ओलांडून धावत आली. एक चप्पल हातात.

"आई, जल्दी चल! गाव उगवलं!"

मला आधी कळलंच नाही. मग तळाचा भुसा आठवला. झाडून काढलेल्या भुशात गव्हाचे दाणे असणारच. ओल मिळाली, ऊब मिळाली. मी कपाळावर हात मारला. प्रदर्शन परवावर आलं होतं. आता सर सगळं खरवडून काढणार, नवी माती थापणार, आणि घाईत पाट कुणाच्या ध्यानात राहणार? परत बाणच. मी तशीच निघाले. मागून सासूबाईही काठी टेकत आल्या. "मला पाट बघायचाय," म्हणाल्या.

वर्गात सर हातात कात्री घेऊन उभे होते. गोणपाट काढलेलं. गावभर पिवळट हिरवे कोंब उभे राहिले होते. देवळाच्या मागं, बसथांब्यावर, टाकीच्या आत. काडेपेट्या वर उचलल्या गेल्या होत्या. टॉवर पहिल्यांदाच सरळ उभा होता, कारण त्याला चारी बाजूंनी कोंबांचा आधार मिळाला होता. कोणीतरी म्हणालं, "रेंज आली!" आणि वर्ग हसला. सर हसले नाहीत. "कात्रीनं कापावं का, का उपटावं?" ते स्वतःशीच बोलत होते.

तेवढ्यात सासूबाईंनी काठी आपटली.

"हात लावू नका कुणी! बसलेला घट हलवत्यात का?"

सर दचकले. "आजी, हा घट नाही, प्रकल्प आहे."

"पाट मव्हा, गहू मव्हे, नवरात्र चालू. मंग हे काय हाय?"

तोवर पोषण आहार शिजवणाऱ्या बाई आल्या, फाटकाशी उभ्या असलेल्या दोघीतिघी आल्या. घट पाहिला की आमच्याकडं बायका एकच गोष्ट करतात. कुठं दाट आलंय, कुठं विरळ, ते बघून रब्बी कशी होईल ते सांगतात. त्या फळीवर वाकल्या.

"बघ गं, सरपंचाच्या घरावर एक कोंब न्हाई."

"अन् तुह्या दारात बघ, जंगल!"

"मह्या दारात खरंच गवत हाय, त्यात काय नवल?"

"ही वस्ती बघा ही. समदी गावाकडं तोंड करून." पाटावरचे कोंब खरंच ओढ्याच्या फटीवर वाकले होते. उजेडाची खिडकी त्या बाजूला होती.

सर ऐकत होते. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि मग ते मोठ्यानं हसले. मुलांना म्हणाले, "वह्या काढा. ह्या आजी आणि ह्या काकू घट कसा बघतात ते विचारून लिहा. एकेक करून. दंगा बिलकुल नको." कात्री खिशात गेली. मुलं बायकांभोवती बसली. सासूबाई खुर्चीवर बसून इतक्या तोऱ्यात सांगत होत्या की माझ्यावरचा राग त्या विसरूनच गेल्या.

सर मला म्हणाले, "ताई, केंद्रावर तुम्हीही चला. हे वाळू द्यायचं नाही, ते तुम्हालाच जमेल."

मिरचीच्या गाडीतून गाव निघालं. मी मागं बसून फळी धरली, मुलीनं पाट मांडीवर घेतला. वाटेतल्या खड्ड्यात बसथांबा पडला, तो तिथल्या तिथं लावला. केंद्राच्या शाळेत खूप टेबलं होती. पुठ्ठ्याचे किल्ले, पाण्याची चाकं, दिवे लागणारी घरं. आमच्या टेबलाशी माणसं थांबायची ती हिरवं बघून.

तपासणीचे साहेब आले तेव्हा सर दुसऱ्या वर्गात गेलेले आणि मुलं पाणी प्यायला. टेबलाशी मी एकटी, हातात पाण्याचा तांब्या. साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले. मग पाटाला बोट लावून म्हणाले, "हा तुकडा सुटा का ठेवलाय? फळीला जोडून घ्यायला हवा होता. सरकवा बघू जवळ."

त्यांनी पाट धरला सुद्धा. सरकवला असता तर ओढा गेला असता. आणि त्या बाजूला आमचं घर होतं.

"नका," मी म्हणाले.

माझा आवाज मला ऐकू आला. साहेबांनाही आला, कारण त्यांनी हात काढला.

"मधी वढा हाय, साहेब. दाव्यानं मोजलाय पोरांनी. बराबर एवढाच हाय. आन् हे..." मी बोट ठेवलं. "हे आमचं घर. दार उगवतीला."

साहेबांनी चष्मा वर केला. "आणि ओढ्याला पाणी आल्यावर?"

"ह्या दगडांवरून येतो. लई आलं तर थांबतो."

ते परत वाकले आणि दोन बोटं एकेका दगडावर टेकवत पलीकडं गेले, आमच्या दारापर्यंत. मागं वळले तेव्हा मुलगी पाण्यानं ओल्या तोंडानं उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. गाडीत ती मला म्हणाली, "आई, तू बोल्लीस!" आणि घरी येईपर्यंत तिनं ते चारदा सांगितलं, मला, सरांना, गाडीवाल्याला आणि परत मला.

बक्षीस पाण्याच्या चाकाला मिळालं. आम्हाला उत्तेजनार्थ म्हणून एक कंपासपेटी मिळाली. ती सगळ्या वर्गाची आहे, त्यामुळं कोणाच्याच घरी जात नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सरांनी मुलांना गावातले कोंब खुडू दिले, ज्यानं त्यानं आपल्या घरावरचे. मुलीनं आमच्या घरावरचे आणून माझ्या अंबाड्यात खोवले. सासूबाई म्हणाल्या, "झालं ना आता? दसऱ्याला पाट लागंल. मी आणते." आणि काठी घेऊन स्वतःच गेल्या.

बऱ्याच वेळानं हात हलवत परत आल्या. मी विचारलं, "पाट, आत्या?"

"भिंतीशी मांडून ठिवलंय त्यांनी, गाव आन् आपली वस्ती. मधी वढा." त्या ओट्यावर बसल्या, घाम पुसला. "राहू दे तिथंच. उचलला तर पोरगी परत बाणात जाईल."

दसऱ्याला आम्ही जमिनीवरच पूजा मांडली. त्याआधी सासूबाईंनी जमीन नव्यानं लिंपून घ्यायला सांगितली, आणि म्हणाल्या, "भुसा वरचा घे गं."