पाडव्याचा फोटो, तिवई आणि गुळाची ढेप

सीताआक्का चौगुल्यांनी सरकारी मोजणी आणली, ही बातमी गल्लीत सकाळच्या चहाच्या आधी पोचली. शेजारच्या हंबीररावांनी आक्कांच्या अंगणात तीन पायांचं यंत्र स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. त्यांचा शेवगा हातभर आक्कांच्या हद्दीत झुकलाय, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. मोजणी म्हटल्यावर त्यांनी चहाचीही वाट बघितली नाही. बनियनवरच भिंतीपाशी आले आणि म्हणाले, "आक्का, सणासुदीला मोजणी? फांदी तोडतो की, एवढं कशाला!"

"तोडाच. पर हे कॅमेऱ्याचं स्टँड हाय, भाऊ."

फांदी गेली ती गेलीच. शेंगा आक्कांनी ठेवून घेतल्या.

खरी गोष्ट अशी. चौगुल्यांकडं दर दिवाळीच्या पाडव्याला ओवाळणी झाली, की पायरीवर सगळ्या घराचा फोटो निघतो. कॅमेरा लेकीनं, ऐश्वर्यानं दिलेला. हात न हलवता फोटो काढणारं घरात माणूस एकच, आक्का. त्यामुळं पाडव्याच्या एकाही फोटोत आक्का नाहीत. गेल्या साली तेवढी पुढं फरशीवर, पदर खोचलेली त्यांची सावली आली. ती बघून त्यांचे मालक नेमिनाथअण्णा म्हणाले, "हे बघ, तूबी आलीयास की!" सगळे हसले. आक्काही हसल्या, आणि आत जाऊन कणीक अशी तिंबली, की तेवढ्या मऊ पोळ्या त्या घरानं कधी खाल्ल्या नव्हत्या. पुढच्या पाडव्याला फोटोत बसायचंच, हे त्या कणकेतच ठरलं.

"तुझा हात हलत न्हाय, मग तुला स्टँड कशाला?" अण्णांनी यंदा विचारलं.

"म्हणूनच," आक्का म्हणाल्या. अण्णांना काही कळलं नाही. पण लग्नापासनं त्यांना त्याची सवय आहे.

मार्केट यार्डातनं दिवाळीचा गूळ घेतला आणि दोघं तशीच लक्ष्मीपुरीतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेली. दुकानदार दत्तप्रसादनं एक नाजूक, चकचकीत स्टँड काढलं. "एकदम हलकं, आक्का. करंगळीवर उचला."

"करंगळीनं उचलतंय तर वारंबी उचलंल की!"

"त्याला खाली हुक हाय. वजन अडकवायचं, मग जागचं हलत न्हाय."

हे बोलला आणि फसला. आक्कांनी अण्णांच्या हातातली पिशवी घेतली आणि आतल्या ढेपेसकट हुकाला दिली अडकवून. स्टँडचे तिन्ही पाय सावकाश फाकले आणि त्यानं फरशीवर साष्टांग नमस्कार घातला. दुसऱ्याचा हुकच आक्कांच्या हातात आला. अण्णा भिंतीवरचं कॅलेंडर लक्ष देऊन वाचायला लागले. तिसरं काळं, जाडजूड. ढेप घेऊन उभं ते उभंच. आक्कांनी वरनं कोपर रेटून बघितलं.

"हे द्या. आमच्या सासूबाईंचे पाय असेच व्हते. कुणाला हलल्या न्हाईत."

पाडव्याला आक्कांनी हुकाला वीट बांधली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण परीक्षेत पास झालेली ढेप सोडून वीट कोण लावणार? तीच ढेप, तीच पिशवी. आणि त्या दिवशी कोल्हापुरात रस्त्यावर कोण मिरवत असतं, हे त्या गडबडीत विसरल्या.

बटण दाबलं. आक्का लुगडं सावरत पळाल्या आणि पायरीपुढं मांडलेल्या मधल्या खुर्चीत बसल्या. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला. बाहेर ज्ञानू गवळ्याच्या म्हशी शिंगं रंगवून, मोरपिसं लावून, पाडव्याच्या मिरवणुकीत त्याच्या मोटारसायकलीमागं पळत निघालेल्या. त्यातल्या एकीला गुळाचा वास लागला आणि ती उघड्या फाटकातनं सरळ आत.

"म्हस! म्हस आली!" पहिले उठले अण्णा. मागनं सून, नातवंडं आणि फोटोत फुकटचे घुसलेले हंबीरराव.

"कुणी हलायचं न्हाय!" आक्का ओरडल्या. सगळे हलले.

खट्!

म्हशीनं पिशवीसकट ढेप धरली, ज्ञानूनं कासरा धरला. स्टँड वीतभर सरकलं, पण पडलं नाही.

फोटो बघायला गल्ली जमली. एका कोपऱ्यात मोरपिसाचं शिंग. मागं अण्णांची पाठ, एक चप्पल हवेत. आणि बरोबर मधोमध, खुर्चीत ताठ, दात दाखवून हसणाऱ्या आक्का.

अण्णा चष्मा पुसत म्हणाले, "म्हस तेवढी झकास आलीया."

आक्का म्हणाल्या, "येऊ दे की. मीबी आलोय यंदा. आन् तोंडाकडनं आलोय, तुमच्यावानी पाठीकडनं न्हाय."