भंडाऱ्यावर हात

मुकादमानं माझ्या पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली आणि सगळ्यांना दिसतील अशी वर धरली.

खंडोबाच्या देवळापुढं ट्रक उभा होता. आमच्या शिरूर कासार भागातल्या वीस जोड्या ऊस तोडायला निघाल्या होत्या. नवरा-बायको मिळून एक जोडी. बायको पडली की जोडी मोडली.

"हे काय हाय रं?" त्यानं माझ्या नवऱ्याला विचारलं. मला नाही.

मीच बोलले, "डोक्याच्या गोळ्या हायेत. सरकारी दवाखान्यातल्या."

"म्हंजे येडी हाय ही! माझ्या गळ्यात घालतोस व्हय?"

लोक हसले. बायाही हसल्या. त्यांचं हसू मला जास्त लागलं.

आदल्या हंगामात मी उसाच्या फडातच बाळंत झाले होते. बाळ राहिलं नाही. चौथ्या दिवशी हातात कोयता. तेव्हापासून झोप गेली. कानात बाळाचं रडणं. एकदा विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिले, लेकीनं पदर ओढला म्हणून वाचले. त्या गोळ्यांनी मला झोप दिली होती. गोळी घ्यायची, मग देवापुढं दिवा लावायचा, असं माझं रोजचं चाललं होतं. दोन्हींवर तगले होते.

मुकादमानं देवळातलं भंडाऱ्याचं ताट आणलं. "उचल भंडारा. म्हण, गोळी घेणार न्हाई, रडणार न्हाई. तरच गाडीत बस."

ह्याला डॉक्टरकी कुणी शिकवली कोण जाणे. पण भंडारा उचलून घेतलेली शपथ आमच्यात कुणी मोडत नाही. मी नवऱ्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "उचल की."

मी उचलला. माझाच देव माझ्यावर राखणीला बसवला. मुकादमानं गोळ्या चिखलात फेकल्या.

फडावर महिन्याभरात सगळं परत आलं. झोप नाही, अन्न नाही. मी उसाच्या सरीत बाळ शोधत फिरायची. मुकादम म्हणाला, "काम खोळंबतंय. बांधा तिला."

मला बैलगाडीच्या चाकाला बांधलं. नवऱ्यानंच. शेजारी बैल बांधलेले. त्यांना वैरण वेळेवर मिळायची. मी जागेवरच लघवी केली. माझी आठ वर्षांची लेक येऊन परकरावर माती टाकायची, कुणाला दिसू नये म्हणून. आपलेच दात अन् आपलेच ओठ, म्हणून मी कुणाजवळ बोलले नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

गावी आल्यावर बीडच्या दवाखान्यात पुन्हा गेले. डॉक्टरीणबाईंनी माझ्या मनगटावरचे वळ बघितले. म्हणाल्या, "गोळी कुणी बंद केली?" मी म्हणाले, "देवानं." आणि माझीच मला इतकी चीड आली की तिथंच ओरडले, "न्हाई. मुकादमानं. अन् मी."

यंदा दसरा झाल्यावर ट्रक परत आला. तेच ताट पुढं आलं.

मी हात मागं घेतले. "भंडारा उचलणार न्हाई. गोळी सोडणार न्हाई."

"देवाचा कोप व्हईल."

"होऊ द्या. देवानं मला बांधलं न्हवतं."

कुणी हसलं नाही. नवरा खाली मान घालून उभा राहिला, मग स्वतःच्या भावाला जोडीला घेऊन ट्रकमध्ये चढला. मागं वळून पाहिलं नाही. मी आणि लेक रस्त्यावर राहिलो.

आता लोकांचा कापूस वेचते. महिन्याला एसटीनं बीडला जाते, गोळ्या आणते, सगळ्यांदेखत घेते. गाव येडी म्हणतं. म्हणू दे. दिवा अजून लावते, पण देवाला काही कबूल करत नाही.

चैत्रात नवरा येईल. दारात उभा राहील. त्याला पाणी देईन. घरात मात्र घेणार नाही, तो देवळापुढं चारचौघांत, मुकादमाच्या तोंडावर, एवढं बोलेपर्यंत: हिला मी बांधलं. शपथ नको, भंडारा नको. मोठ्यानं बोलायचं. तोवर कडी आतून.