लॅपटॉप मॅडम

“बड़ा करो. और बड़ा करो.”

बी.एड.ची पोरगी लॅपटॉप उघडून समोर बसली की ताईंचं पहिलं वाक्य हेच. पडद्यावर जेमतेम चार शब्द मावतील इतकं अक्षर मोठं झालं, की मग त्या मान तिरपी करून टाचण वाचायला लागायच्या. उद्या शाळेत जाऊन कोणता धडा कसा शिकवणार, त्याचं टाचण. मागची पोरं हसायची. नावच पाडलं होतं त्यांनी, लॅपटॉप मॅडम.

तुमच्याही ओळखीत असतील अशा बाई, ज्यांच्या एका वाक्याची सगळं कॉलेज नक्कल करतं. भिलाईतल्या आमच्या त्या लहानशा कॉलेजात शिकवणाऱ्यांत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. माझे वडील पोलादाच्या प्लांटमधले. ताई भिलाई-3 या भागातल्या, रेल्वेवाल्याच्या घरच्या, मूळच्या नागपूरकडच्या. दिवसभर वर्गात हिंदी झाडायची आणि स्टाफरूमचं दार लोटलं की म्हणायचं, “बस व माय, आता आपलं बोलू दे मले.” तिथे मी मॅडम म्हटलं की चिडायच्या. म्हणून ताई.

ताईंना नीट दिसत नव्हतं. अगदी आंधळ्या नव्हत्या. चालायच्या, जिने चढायच्या, चालण्यावरून माणूस ओळखायच्या. पण ज्यावर नजर लावावी नेमकं तेच पुसल्यासारखं व्हायचं. हाताने लिहिलेलं तर अजिबात लागायचं नाही. डॉक्टरांनी हात टेकले होते. कॉलेजात हे फक्त मला ठाऊक. एकदा त्या माझाच डबा आपला समजून अर्धा संपवून बसल्या, तेव्हा कळलं.

“कोणाले सांगजो नको,” म्हणाल्या. “शिकवणं सुटलं तं मी मरून जाईन.”

आधी नवरा होता. रेल्वेतला निवृत्त गार्ड. रोज संध्याकाळी तो पोरांच्या वह्या मोठ्याने वाचायचा, ताई शेरे सांगायच्या आणि लाल पेनाने तोच लिहायचा. आवाज असा खणखणीत, की त्यांच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचं बी.एड. ऐकूनच झालं असेल! तो गेला आणि वह्यांचा गठ्ठा टेबलावर तसाच पडून राहिला. मग ताई प्राचार्यांकडे गेल्या. खरं कारण काही सांगितलं नाही. यापुढे माझ्या तासाची टाचणं टाइप करून लॅपटॉपवर दाखवावीत, एवढंच म्हणाल्या.

त्यांनी मागितलं आपल्यापुरतं. प्राचार्यांना ते इतकं आवडलं की आठवड्याच्या आत नोटीस लागली: प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतःचा लॅपटॉप हवा, नसेल त्याला सराव पाठासाठी शाळेत पाठवलं जाणार नाही. कॉलेज आधुनिक झालं म्हणून गेटवर फलकसुद्धा लागला. ताई हबकल्याच. पण नको म्हणायचं तर का नको, ते सांगावं लागलं असतं.

नंदिनी नगरच्या पलीकडच्या गावातून बसने येणारी एक मुलगी होती. घरात मिळून एकच फोन, लॅपटॉप कुठला? तिने हाताने लिहिलेलं टाचण नेलं, ते प्राचार्यांनी उघडूनही पाहिलं नाही. सराव पाठ नाही म्हणजे वर्ष बुडालं. घरचे तर लग्नासाठी टपूनच बसलेले. सांगायला आली ती थेट स्टाफरूममध्ये, ताईंकडे.

“मैडम, मैं छोड़ रही हूँ,” ती म्हणाली. “आपका नियम ग़लत नहीं है. बस मुझसे नहीं होगा.”

ताईंनी तिची वही हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, परत जवळ आणली. मग माझ्याकडे दिली.

घरी जाताना आम्ही सिविक सेंटरला ऑटोसाठी उभ्या होतो. तिथे म्हणाल्या, “माह्या डोळ्यांपायी त्या पोरीचं वर्ष जाऊन राहिलं.”

“माझा लॅपटॉप देते ना मी तिला,” मी म्हटलं. “तुम्ही गप्प बसा.”

“अन् तिच्या मागून जी येईल तिले? तिले कोण देईल?”

“ताई, तुम्ही बोललात तर ते तुम्हाला ठेवणार नाहीत!”

“मंग? ठाऊक नाही का मले?” एवढ्या जोरात ओरडल्या की ऑटोवाला वळून पाहायला लागला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टाफसमोर त्या उभ्या राहिल्या. “सर, वो नियम मेरी वजह से बना है. मुझे हाथ का लिखा दिखता नहीं. उसे हटा दीजिए.” कोणीतरी फिसकन हसलंसुद्धा, गंमत वाटली असावी. प्राचार्य माणूस वाईट नव्हता. ओशाळला बिचारा. नोटीस त्याच दुपारी उतरली, वहीतलं टाचण चालेल असं ठरलं. आणि अगदी मऊ आवाजात त्याने ताईंना सांगितलं की हे सत्र संपलं की आता आराम करा. ताई “जी सर” म्हणाल्या. मला त्या मऊ आवाजाचा असा संताप आला म्हणून सांगू! ताई मात्र बाहेर येऊन हमसाहमशी रडल्या, लहान पोरीसारख्या.

त्यांनी पाहिलेले शेवटचे पाठ त्या नंदिनी नगरकडच्या मुलीचेच. सरकारी शाळा, पाचवीचा वर्ग. आम्ही दोघी शेवटच्या बाकावर. मुलीला एव्हाना सगळं कळलं होतं. फळ्यावर झाडाचे भाग लिहिताना प्रत्येक शब्द ती मोठ्याने बोलत होती. “जड़... तना... पत्ती...” पोरंही तिच्यामागून ओरडत होती. ताई डोळे मिटून ऐकत होत्या.

“अक्षर कसं आहे व पोरीचं?” त्यांनी हळूच विचारलं.

खोटं बोलवेना. “सुंदर आहे. पण ओळ खाली उतरून राहिली, ताई.”

“हात ताणून लिहीत असन. सांगजो तिले, हात नको ताणू म्हणा, पाय सरकव.”

मधल्या सुट्टीत मी निरोप दिला. पुढच्या तासाला, दुसऱ्या वर्गात, तिने खडू उचलला आणि फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळ अशी सरळ गेली की मला राहवेना. मी ताईंचा हात धरला आणि सांगायला तोंड उघडलं.

ताईंनी ओठांवर बोट ठेवलं.

“श्श,” म्हणाल्या. “तिच्या चपला ऐकून राहिली मी.”